ढोलाचा पहिला ठोका पडला की बाथरूममध्ये लपणारी कुत्री: काय करता येईल?

झुळूक:
आमची भुरी इंडी (देशी कुत्री) आहे, वय तीन, वजन १७ किलो. पुण्यात नदीपात्राजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी पहिला ठोका पडला की ती बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसते. थरथरते, धापा टाकते, चिकनसुद्धा तोंडात घेत नाही आणि सकाळपर्यंत शू करायला खाली येत नाही. गणपती आहेत, पुढे दिवाळी आहे. जवळ घेतलं तर भीती आणखी वाढते म्हणतात, ते खरं का? मोबाइलवर ढोल ऐकवून सवय लावता येते का? आणि झोपेची गोळी द्यावी का?

पायवाट:
बिनधास्त जवळ घ्या. कुरवाळल्याने भीती वाढत नाही. ती अंगाला खेटून बसत असेल तर बसू द्या, सावकाश हात फिरवा. बादलीमागून ओढून मात्र काढू नका.

जागा तिने स्वतः निवडली आहे, तर तीच नीट करून द्या. बादली हलवा, फरशीवर रबरी मॅट आणि वर जुनी गोधडी घाला, खिडकीला जाड चादर लावा, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. दार उघडंच हवं. कोंडलेला घाबरा कुत्रा दार ओरबाडून नखं तोडून घेतो.

आता आवाजाची सवय. मोबाइलच्या स्पीकरमधून ढोलाचा खर्ज निघतच नाही, नुसता टिपरीचा टकटकाट ऐकू येतो. जरा बरा बेस असलेला ब्लूटूथ स्पीकर घ्या. आवाज इतका कमी ठेवा की तिचा फक्त कान हलेल. दोन-तीन सेकंद ढोल वाजवा, लगेच हरभऱ्याच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या, मग शांतता. ती कधी वीस सेकंद, कधी चाळीस, असं बदलत राहा. आठ-दहा वेळा झालं की थांबा. सगळं मिळून पाचेक मिनिटं.

क्रम चुकवू नका. आधी ढोल, मग चिकन. उलट केलंत तर चिकन दिसलं की आता ढोल वाजणार हे ती शिकेल आणि चिकनलाच घाबरायला लागेल. बऱ्याच जणांची गाडी इथेच फसते.

ठोका ऐकून ती तुमच्या हाताकडे बघायला लागली म्हणजे गणित जमलं. सलग तीन वेळा असं झालं की आवाज एक घर वाढवा. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, पुढचा पाय उचलून धरणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, यातलं काही दिसलं तर दोन घरं खाली या. हे सगळं सकाळी किंवा दुपारी करा. संध्याकाळी खरा ढोल सुरू असताना केलंत तर सगळी मेहनत पाण्यात.

नदीकाठ:
वरच्यात एक भर. खरा सरावही वापरता येतो, कारण अंतर वाढवलं की आवाज आपोआप कमी होतो. संध्याकाळी तिला गाडीत घालून पात्रापासून लांब न्या. ढोल जेमतेम ऐकू येतोय, पण ती जमीन हुंगतेय आणि खातेय, अशी जागा सापडली की तिथे दहा मिनिटं थांबा. प्रत्येक ठोक्यानंतर तुकडा द्या आणि परत या. चार-पाच दिवसांनी वीस-पंचवीस पावलं जवळ जा. वारा फिरला की त्याच जागी आवाज मोठा येतो, तेव्हा रोज नव्याने अंदाज घ्यायचा. खात नसेल तर आपण फार जवळ आलोय, मागे फिरा. "सवय होईल" म्हणून पथकासमोर नेऊन उभं करणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. त्यात कुत्रा गप्प झालेला दिसतो, आतून मात्र गोठलेला असतो.

रोजचा फेरा सराव सुरू व्हायच्या तासभर आधीच उरकून घ्या. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा, दोन्हीला वेगवेगळा दोर लावा. घाबरलेली कुत्री मागे सरकत मान काढून घेते, तेव्हा एकटा गळ्यातला पट्टा भरवशाचा नसतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असू द्या.

औषधपेटी:
झोपेची गोळी मनाने देऊ नका. एसेप्रोमाझीन हे गुंगीचं औषध एकटं दिलं तर अंग सुस्त पडतं, पण ऐकू सगळं येत असतं आणि भीतीही तशीच राहते. पळताही येत नाही, ही तर शिक्षाच झाली. व्हेट (जनावरांचे डॉक्टर) बहुधा गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन या भीती कमी करणाऱ्या औषधांचा विचार करतील. डोस वजन आणि तब्येत बघून तेच ठरवतील. ही औषधं आवाज सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी पोटात जायला हवीत. थरथर सुरू झाल्यावर दिली तर फारसा उपयोग नाही. पहिला डोस शांत दिवशी देऊन बघा, म्हणजे झोप किती येते, चालताना तोल जातो का, ते कळेल. रोज घ्यायचं फ्लुऑक्सेटिन लागू पडायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा दिवाळीसाठी व्हेटशी आत्ताच बोला. घरातलं पॅरासिटॉमल, आयब्युप्रोफेन, मुलांचं खोकल्याचं औषध यांना हात लावू नका.

भीती अचानक सुरू झाली किंवा वाढली असेल तर कंबर, सांधे आणि कानही तपासून घ्या. दुखत असेल तर आवाजाने दचकून अंग आखडतं, आणखी दुखतं, आणि आवाजाची धास्ती पक्की होते.

झुळूक:
मनापासून आभार. ढोलाची सवय झाली की फटाक्यांनाही तेच लागू होईल का?

पायवाट:
नाही, फटाक्यांचा सराव वेगळा करावा लागेल. ढोलाला ठेका असतो. फटाका न सांगता फुटतो, शिवाय उजेड आणि दारूचा वास. नियमानेच ४ मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे, तेवढा आवाज घरात वाजवून सराव होणारच नाही. म्हणून फटाक्यांचं रेकॉर्डिंग गणपती झाल्या झाल्या सुरू करा आणि दिवाळीत पडद्यांआड जाड चादरी लावा, म्हणजे लखलखाट आत येणार नाही.

लक्ष्मीपूजनाला पाचच्या आत फिरवून आणा, जेवणही लवकर द्या. मग खिशात चिकनचे तुकडे ठेवा आणि प्रत्येक फटाक्यानंतर, अगदी लांबच्यासुद्धा, एक द्या. खाल्लं तर छान. तोंड फिरवलं तर तोंडाशी धरत बसू नका, नुसते शेजारी बसा. आणि फराळाचं ताट उंचावर ठेवा. मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत.