मदत हवी आहे: करोनाकाळातला इटलीतला चर्चचा वाद

अभ्यासमंडळात यावर बोलायचंय. २६ एप्रिल २०२० ला पंतप्रधान कोंते यांच्या सरकारनं टाळेबंदी सैल करायचं जाहीर केलं, पण मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) बंदच ठेवल्या. इटलीतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं लगेच निषेध केला. दोनच दिवसांत पोप फ्रान्सिस यांनी मात्र नियम पाळण्यासाठी प्रार्थना केली. (गंमतच!) इटालियन तत्त्वज्ञ जॉर्जो आगाम्बेन उलट चर्चवरच चिडले: असिसीच्या संत फ्रान्सिसनं कुष्ठरोग्यांना मिठी मारली होती, श्रद्धेसाठी जीवही द्यायची तयारी हवी, हे विसरलात?

आगाम्बेनचे लेख इंग्रजीत वाचलेत, इटालियन येत नाही. बातम्या भरपूर सापडल्या, त्या नकोत. लशीचा वादही नको. अडलंय इथे: शेजाऱ्याचा जीव जपणं हाही श्रद्धेचाच भाग, असं उत्तर आगाम्बेनना कुणा कॅथलिक धर्मशास्त्रज्ञानं दिलंय का, आणि ते इंग्रजीत कुठे मिळेल?