जॉर्जियाचे बाग्रातिओनी राजे: नेमकं काय बघावं?

भटकभैरव
आई-बाबांना घेऊन जॉर्जियाला चाललोय. तिबिलिसी ठरलंय, पुढचे चार-पाच दिवस मोकळे आहेत. टूरवाले द्राक्षमळे आणि बर्फाच्या पलीकडे काही बोलत नाहीत. मला बाग्रातिओनी घराणं समजून घ्यायचंय, पण एवढ्या दावीद-गिओर्गींमध्ये पार गोंधळ उडालाय. कोणते राजे धरू? बाबांचे गुडघे दुखतात, चढ नको.

रानवाट
सगळे राजे धरूच नका. पहिला दावीद चौथा (1089–1125). सरदार ऐकत नाहीत म्हणून त्याने उत्तरेच्या गवताळ प्रदेशातली किपचाक कुटुंबं आणून वसवली आणि त्यांच्यातून स्वतःची फौज उभारली. त्याच जोरावर 1121 मध्ये दिदगोरीला सेल्जुक तुर्कांना हरवलं, पुढच्याच वर्षी तिबिलिसी घेतलं.
त्याच्यासाठी कुताइसीजवळचा गेलाती मठ गाठा, 1106 मध्ये त्यानेच सुरू केलेला. देवळातली चित्रं बघून लगेच निघू नका. जुन्या दक्षिण दरवाजात जमिनीवर मोठ्या अक्षरांची लांब शिळा आहे, तीच त्याची कबर. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय आपल्यावर पडावा, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. तिथेच गांजा शहराच्या वेशीचं लोखंडी दार आहे, वर अरबी लेख. दावीदच्या मुलाने, देमेत्रेने, 1139 मध्ये ते लुटून आणलं. मला तरी अख्ख्या जॉर्जियात यापेक्षा बोलकी जागा दिसली नाही.

सांजवेळ
राणी तामार (1184–1213) हवीच! सगळे वार्दझिया सुचवतील, पण तिथे कड्यात कोरलेल्या गुहा, पायऱ्या, बोगदे. बाबांना झेपणार नाही. त्यापेक्षा किन्त्सविसीच्या मठात जा. गर्द निळ्या भित्तिचित्रांत तामार, तिचे वडील आणि मुलगा एकत्र दिसतात.

मांडवीकाठ
इथे सगळे सुवर्णकाळातच रमलेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस राज्य फुटून कार्तली, काखेती, इमेरेती झाली. एकीकडे तुर्क, दुसरीकडे इराण. त्या कात्रीत सापडलेले राजे मला जास्त जवळचे वाटतात.
काखेतीचा तैमुराज पहिला घ्या. त्याची आई केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या ताब्यात ओलीस होती. धर्म सोडला नाही म्हणून 1624 मध्ये शिराझला तिला हाल हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष आमच्या गोव्यात आणले. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात सापडलेल्या हाडाची हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासणी केली आणि 2021 मध्ये भारताने अवशेषांचा भाग जॉर्जियाला दिला. जायच्या आधी गोवा जमत असेल तर तो मठ बघाच. मग तिकडे ग्रेमी बघताना वेगळंच वाटेल. ती काखेतीची राजधानी शाह अब्बासने उद्ध्वस्त केली.

रानवाट
मान्य. मग तेलावीही त्यातच येईल, तिथे एरेक्ले दुसऱ्याचा वाडा आहे. हा तरुणपणी नादिरशहाच्या फौजेबरोबर हिंदुस्थानच्या मोहिमेवर होता. 1783 मध्ये त्याने रशियाचं संरक्षण घेतलं, पण 1795 मध्ये इराणी फौजेने तिबिलिसी जाळलं तेव्हा मदत आलीच नाही. 1801 मध्ये रशियाने राज्यच गिळलं.

भटकभैरव
मनापासून आभार! वार्दझिया रद्द. कुताइसीला मुक्काम, वाटेत किन्त्सविसी, मग तेलावी आणि ग्रेमी. एरेक्लेची कबर कुठे आहे?

रानवाट
म्त्सखेताच्या स्वेतित्सखोवेली चर्चमध्ये, तिबिलिसीहून अगदी जवळ. आईंना ओढणी बरोबर ठेवायला सांगा, तिथल्या देवळांत बायका डोकं झाकतात.