अनुभव धागा: गाडीला घरच्या घरी एलईडी दिवे लावताना

हा धागा काढायला एक वास कारणीभूत आहे.

चार महिन्यांपूर्वी मी गाडीत पुढच्या सीटांपाशी, पाय ठेवतो तिथे, एलईडीच्या पट्ट्या लावल्या. दुपारभराचं काम. दार उघडलं की मंद उजेड पडायचा आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा, खरंच. मागच्या आठवड्यात रात्री गाडी चालवताना प्लॅस्टिक तापल्याचा वास आला. गाडी बाजूला घेतली, बॅटरीवरून माझी वायर सोडवली आणि मगच घरी आलो. सकाळी दाराखालची प्लॅस्टिकची झाकणपट्टी उचकटली. वायर जिथे पत्र्याच्या कडेवरून वळली होती तिथे तिचं आवरण कापलं गेलं होतं. खड्ड्यात गाडी आदळली की आतलं तांबं पत्र्याला टेकायचं, पुन्हा सुटायचं. वायर हातभर काळवंडली होती आणि खालचं कार्पेट नखाएवढं वितळलं होतं. बॅटरीपासून तिथपर्यंत कुठेही फ्यूज नव्हता. मी लावलाच नव्हता, कारण ‘दिवे तर एवढेसे, त्यांना कसला फ्यूज’ असं वाटलं होतं.

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो, हे मला त्या दिवशी कळलं. दिवे सव्वा अँपिअर घेत असतील, पण वायर पत्र्याला टेकली की बॅटरी शेकडो अँपिअर द्यायला तयार असते. मध्ये जे सगळ्यात कच्चं असेल ते जळतं.

काम पुन्हा करायला घेतलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. ‘12 व्होल्ट’ लिहिलेल्या साध्या पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडींची साखळी असते आणि प्रत्येक साखळीला एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाह आवरणारा रोधक. एक पांढरा एलईडी साधारण 3 व्होल्ट घेतो, म्हणजे तिघांचे नऊ-सव्वानऊ. बारापैकी उरलेले पावणेतीन रेझिस्टरवर. पण इंजिन चालू असताना गाडीत 12 व्होल्ट नसतात, 13.8 ते 14.4 असतात. म्हणजे रेझिस्टरवर पाच व्होल्ट येतात आणि प्रवाह जवळपास पावणेदोन पट होतो. माझ्या पट्टीचे काही तुकडे पिवळट का पडले होते ते तेव्हा समजलं. आता मध्ये 12 व्होल्ट स्थिर ठेवणारा छोटा रेग्युलेटर टाकलाय.

तुमचे अनुभव लिहा. मोटार, दुचाकी, सायकल, ट्रक, काहीही. काय लावलं ते थोडक्यात चालेल. काय बिघडलं आणि का, ते मात्र सविस्तर लिहा.

दोन_चाकं

माझा अनुभव बॅटरी उतरण्याचा. मोटरसायकलच्या टाकीखाली रिमोटवर रंग बदलणारी पट्टी लावली. दिवे बंद करूनच गाडी ठेवायचे, तरी आठवड्याने गाडी सुरू होईना. बॅटरी नवी घेतली, पुन्हा तेच. शेवटी मल्टिमीटर बॅटरीच्या मालिकेत लावून पाहिलं तर सगळं बंद असताना 30 मिलिअँपिअर जात होते. रिमोटची वाट बघत बसलेला कंट्रोलर तेवढं खात होता. आकडा किरकोळ वाटतो, पण रोज चोवीस तास म्हणजे 0.72 अँपिअर-तास. माझी बॅटरी 5 अँपिअर-तासाची. सात दिवसांत संपणारच.

आता कंट्रोलरला जाणारी वायर रिलेमागून (लहान प्रवाहाने चालणारा स्विच) घेतली आहे. 85 आणि 86 या क्रमांकांच्या पिना म्हणजे रिलेची कॉइल: एक टोक किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या वायरला, दुसरं बॉडीला. 30 वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, 87 वर दिवे. किल्ली काढली की कंट्रोलरपर्यंत काही पोचतच नाही. तीन महिने झाले, गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते.

लांबचा_पल्ला

ट्रकवाल्यांनी आधी बॅटऱ्या मोजा. मोठ्या गाड्यांत बहुधा दोन बॅटऱ्या मालिकेत असतात, 24 व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना 28 च्या आसपास. मी केबिनमध्ये मोटारीची 12 व्होल्टची पट्टी लावली. दहा सेकंद अशी पेटली की डोळे मिटले, मग धूर. 24 व्होल्टची पट्टी वेगळी मिळते, तिच्यावर कापायच्या खुणा तीन दिव्यांऐवजी सहा किंवा सात दिव्यांनंतर असतात. त्यावरूनही ओळखता येते. ‘एकाच बॅटरीवरून 12 घे’ असाही सल्ला मिळाला होता. तो ऐकला नाही ते बरं केलं, त्याने दोन बॅटऱ्या कमी-जास्त चार्ज होतात आणि दोन्ही लवकर जातात.

पान्हापक्कड

इंडिकेटरबद्दल लिहितो, कारण यात मी दोनदा चुकलो.

चारही इंडिकेटरचे बल्ब काढून एलईडी लावले आणि ते दुप्पट वेगाने टिकटिकायला लागले. फ्लॅशरला, म्हणजे दिवे लुकलुकवणाऱ्या पुर्ज्याला, वाटतं बल्ब उडालाय. जुना बल्ब 21 वॅटचा, एलईडी दोन-तीन वॅटचा, म्हणजे प्रवाह जवळजवळ नाहीसा झालेला. उपाय म्हणून मिळतात ते लोड रेझिस्टर, बल्बसारखा प्रवाह खाणारे, सोनेरी रंगाचे, 6 ओहम 50 वॅट. मी ते मागच्या दिव्याच्या कप्प्यात प्लॅस्टिकला दुहेरी टेपने चिकटवले. वळताना दोन-चार वेळा लुकलुकलं तर काही होत नाही. पण एकदा गाडी रस्त्यात बंद पडली, चारही इंडिकेटर चालू ठेवून अर्धा तास थांबलो, आणि परत आल्यावर पाहिलं तर रेझिस्टर प्लॅस्टिकमध्ये रुतून बसला होता. गणित सोपं होतं, मी केलं नव्हतं: 6 ओहमवर 14 व्होल्ट म्हणजे जवळजवळ 33 वॅट. लुकलुकण्यामुळे निम्मा वेळ धरला तरी सोळा वॅटची उष्णता, बंद कप्प्यात.

दुसऱ्या वेळी रेझिस्टर पत्र्याला स्क्रूने बसवले. चाललं, पण मनाला पटेना. वीज वाचवणारा दिवा लावायचा आणि वाचलेली वीज शेजारी जाळायची. शेवटी फ्लॅशरच बदलला. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर प्रवाहाकडे बघत नाही, ठरलेल्या वेगाने चालतो. हे आधीच करायला हवं होतं. मात्र ज्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नाही, सगळं एका कंट्रोल युनिटमधून चालतं, तिथे हा मार्ग नाही. तिथे रेझिस्टर धातूवर बसवा आणि वायरींपासून चार बोटं लांब ठेवा.

कंदील

हेडलाइट. हे लिहिताना मला अजून अपराधी वाटतं.

हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब बसवला. खोबण तीच, पाच मिनिटांचं काम. समोर लख्ख पांढरा उजेड. पहिल्या आठवड्यात समोरून येणारे सारखे डिपर मारत होते आणि मला वाटायचं, यांना काय झालंय, मी तर लो बीमवर आहे. एका रात्री मोकळ्या जागेत गाडी लो बीमवर उभी केली आणि वीस-पंचवीस पावलं चालत समोर गेलो. वळून पाहिलं आणि हात डोळ्यांवर गेला. गाडीच्या मागे माझा भाऊ उभा होता, तो मला अजिबात दिसत नव्हता. रस्त्यावर त्याच्या जागी कुणीही असू शकलं असतं.

हॅलोजन बल्बमध्ये तार एका नेमक्या जागी असते आणि आरसा त्या जागेभोवती घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये तिथे एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक, पण आरसा तो उजेड वर, डोळ्यांच्या रेषेत फेकतो. भिंतीवर पाडून बघा: हॅलोजनच्या उजेडाला वर स्वच्छ कापल्यासारखी रेघ असते, माझ्या एलईडीची रेघ विरलेली होती. त्यात चालवणाऱ्याची स्वतःची फसवणूक होते ती वेगळीच. गाडीपुढची दहा-पंधरा पावलं इतकी उजळतात की डोळा त्याला सरावतो आणि लांबचं कमी दिसतं.

परत हॅलोजन लावला. बाकी सगळं घरी करा, पण आरशाच्या हेडलाइटमध्ये हे करू नका. ज्यांना एलईडीच हवा आहे त्यांनी त्यासाठीच बनवलेला अख्खा हेडलाइट, मंजुरीच्या खुणेसह, पाहावा.

निळी_शाई

कंदील, लिहिलंत ते फार बरं केलंत. मीही हेच करणार होते, आजच थांबले.

सायकलस्वार

सायकल चालेल म्हणालात म्हणून लिहितो. मुलीच्या सायकलच्या पुढच्या चाकात हब डायनॅमो आहे, 6 व्होल्ट 3 वॅट. त्यावर स्वतः दिवा बनवला. डायनॅमो एसी देतो, म्हणून प्रवाह एकाच दिशेला वळवायला चार शॉटकी डायोडचा ब्रिज, पुढे चढउतार सपाट करायला कपॅसिटर, मग दोन पांढरे एलईडी मालिकेत. हळू चालवताना लुकलुकायचा, वेग आला की स्थिर. मुलगी खूश.

एके दिवशी उतारावर फट्ट असा आवाज आला. कपॅसिटर फुटला होता. एलईडीची एक वायर सुटली होती, आणि डायनॅमोचा स्वभाव असा की तो साधारण अर्धा अँपिअर ढकलत राहतो. घेणारं कुणी नसेल तर व्होल्टेज वाढत जातं. उतारावरच्या वेगाला माझा 16 व्होल्टचा कपॅसिटर पुरला नाही. कुणाला लागलं नाही, पण पोर घाबरली आणि दोन दिवस सायकलला हात लावेना. आता व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणारा झेनर डायोड आडवा टाकलाय आणि सुटणाऱ्या वायरीला पीळ देऊन, डाख देऊन, वर हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवलं आहे. डाख दिलेल्या जागी वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्याच्या काठाला तुटते, म्हणून पुढे दोन इंचांवर ती फ्रेमला बांधलीसुद्धा आहे. पहिल्यांदा मी हेच विसरलो होतो.

तारयंत्र

वायर जोडण्याचा विषय निघालाच आहे तर: चिमटीत दाबून बसवायचे ते निळे-लाल टी-टॅप (मूळ वायरीला फाटा जोडायचे क्लिप) वापरू नका. त्यांचं पातं मूळ वायरचे काही धागे कापतं. आज चालतं, वर्षभराने पावसात त्या जखमेतून गंज शिरतो आणि गाडीची स्वतःची वायर तुटते. तुमची पट्टी गेली तर गेली. माझा ब्रेकलाइट गेला होता. आणि मला तो मागच्या गाडीवाल्याने सांगितला.

दोन_चाकं

पाण्याचं राहिलं. कापलेल्या टोकाला सिलिकॉन लावताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते नको. त्यातून सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि ते तांबं खातं. माझ्या पट्टीचे जोड आतून हिरवे पडले होते, बाहेरून सगळं चकचकीत. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

निळी_शाई

माझं काम छोटं आहे, पण सांगायचं आहे. वडिलांची नजर अधू झाली आहे. आमच्या व्हॅनची पायरी उंच, आणि रात्री उतरताना ते पाय हवेत चाचपडत ठेवायचे. एकदा पडले. त्यानंतर मी पायरीच्या खालच्या कडेला पट्टी लावली. पहिली पांढरी होती. ती एवढी प्रखर की पायरी दिसायची, पण पलीकडची जमीन काळीकुट्ट व्हायची आणि ते जास्तच बिचकायचे. मग पिवळसर नारिंगी लावली, नुसती पायरीवर पडेल अशी खाली वळवून. अंधाराला सरावलेला डोळा लाल-नारिंगी उजेडाने कमी बिघडतो हे नंतर वाचलं; आधी वडिलांनीच सांगितलं होतं, “ही बरी, ही टोचत नाही.”

आता ते आवाज न देता उतरतात.

एक अडचण आहे. वायर दाराच्या बिजागरीपाशी वाकते आणि दर वेळी दाराबरोबर दुमडते. आत्ता ठीक आहे, पण वरचं सगळं वाचून धास्ती वाटते. शिवाय ती मी दाराशेजारच्या, छताला टेकणाऱ्या खांबाच्या आतून वर नेली आहे. चूक आहे का?

धागाकर्ता

ताई, आधी खांबाचं. आतमध्ये पडद्यासारखी एअरबॅग आहे का ते गाडीच्या पुस्तकात बघा. असेल तर वायर तिथून काढा. बॅग फुगताना खांबाचं आवरण उडतं, आणि बॅगेपुढून गेलेली वायर तिला अडवते किंवा झटक्याने फेकली जाते. पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, आणि तिथलं काहीही उघडण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवून पुस्तकात दिलेला वेळ थांबा.

बिजागरीपाशी गाडीचाच रबरी नळा असतो, दाराच्या मूळ वायरी ज्यातून जातात. तुमची वायर त्यातूनच ओढा. बारीक धाग्यांची मऊ वायर घ्या, एकसंध तारेची नको. दार पूर्ण उघडून लांबी मोजा आणि वर थोडी ढील ठेवा. पत्र्याच्या भोकातून जाताना ग्रोमेट (कडेला बसवायचं रबरी कडं) हवाच; माझी वायर अशाच पत्र्याच्या कडेवर कापली गेली. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तुमच्या पट्टीला 0.75 चौरस मिलिमीटरची वायर आणि 3 अँपिअरचा जांभळा ब्लेड फ्यूज पुरेल. 10 चा लाल घरात पडलाय म्हणून तो टाकू नका.

झालं की फोटो टाका. पेटलेल्या पायरीचा तर टाकाच, पण दाराचं आवरण लावण्याआधी मागच्या वायरींचाही एक काढून ठेवा.