पार्किंगमध्ये पाणी शिरलं. विम्याच्या ॲपमधला सहायक विचारतोय, ‘गाडी सुरू होते का?’

मुठाकाठ:
सिंहगड रस्त्यालगतची सोसायटी. रात्री तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, पहाटे ओसरलं. गाडी उभीच होती. २०२१ ची, १२०० सीसी पेट्रोल, मॅन्युअल, बटन स्टार्ट. आतल्या दारावर गाळाची रेघ सीटच्या वर चार बोटं. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, झिरो डेप घेतलंय, इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर) नाही.
ॲपमधल्या सहायकाला कळवलं तर उत्तर आलं: ‘तुमच्यावर काय प्रसंग ओढवलाय याची मला कल्पना आहे, खूप वाईट वाटलं. गाडी सुरू होते का? हो / नाही.’ घरातले म्हणतात, एकदा बटन दाबू आणि मग उत्तर देऊ. दाबावं का? आणि हा सहायक एवढं आपुलकीने बोलतोय, तर त्याला सगळं मोकळेपणाने सांगितल्याचा दाव्याला काही उपयोग होतो का?

नटबोल्ट:
ताई, बटनाला हात लावू नका. इंजिन तर नाहीच, पण नुसतं इग्निशनही ऑन करू नका. चावी घरात ठेवा.
का ते आकड्यात सांगतो. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी. कॉम्प्रेशन ११ ला १ धरलं, म्हणजे आतली हवा दाबून अकराव्या हिश्श्यावर आणायची, तर पिस्टन वर टेकला की उरणारी जागा जेमतेम ३० मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी आत असताना स्टार्टर फिरला की पिस्टन वर जाता जाता अडतो आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. डिझेलमध्ये ही जागा आणखी कमी.
आता करायचं ते:
बॉनेट उघडून १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, फडकं गुंडाळून बाजूला ठेवा. मग एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला किंवा तळाला गाळ दिसला तर पाणी इंजिनच्या वाटेला लागलंय असंच धरायचं. डिपस्टिक काढून पाहा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल किंवा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. दोन्हींचे फोटो काढून फिल्टर तसाच परत बसवा. सर्व्हेअरने, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने, तो जागेवर पाहायला हवा.
गाडी फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे चारही चाकं वर चढवणाऱ्या सपाट ट्रकवरूनच न्यायची. दोरीने ओढत नेताना कुणी गिअर टाकला तर इंजिन फिरतं, मग बटन न दाबूनही तेच नुकसान.

रानवारा:
दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात वाळवली की होतात सुरू. एवढं घाबरायचं कारण नाही.

नटबोल्ट:
कार्पेट वरून वाळतं, खालचा फोम आठवडाभर ओला राहतो. सिलिंडरमधलं पाणी उन्हाने जात नाही. ते काढायची रीत वेगळी: चारही स्पार्क प्लग काढायचे, क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. पाणी प्लगच्या भोकांतून पिचकारीसारखं बाहेर येतं. मग ऑइल आणि फिल्टर बदलायचा, थोडा वेळ इंजिन चालवायचं, पुन्हा ऑइल टाकून द्यायचं. ऑइल दुधाळ येईनासं होईपर्यंत हेच. सीटच्या वर पाणी गेलंय, त्यामुळे गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड, पेट्रोलची टाकी तपासणं आलंच. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, जमिनीलगत असतं. ते भिजलं असेल तर बदलायचं, पुसून परत लावायचं नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढायला आठवडे लागतात, म्हणून आज सगळं चालतंय यावर भरवसा ठेवू नका.

दावादप्तर:
विम्याचं सांगते. पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणं हे सगळं ओन डॅमेजमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात येतं. उभ्या गाडीत पाणी शिरलं तर साफसफाई, भिजलेले भाग, वायरिंग हे थेट पुराचं नुकसान. बटन दाबल्यामुळे रॉड वाकला तर कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणते आणि इंजिन प्रोटेक्ट नसेल तर तो भाग नाकारते. झिरो डेप इथे कामाला येत नाही. ते फक्त बदललेल्या भागांवरचा घसारा वाचवतं. तेही टायर-बॅटरीवर बहुतेक पॉलिसींत नाही. ऑइल, कूलंट यांसाठी कन्झ्युमेबल्सचं वेगळं कव्हर लागतं.
१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातली तुम्हीच भरायची रक्कम, १,००० रुपये. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली धरतात: आयडीव्ही ४ लाख असेल तर ३ लाखांच्या पुढे. म्हणून एस्टिमेट घाईने मान्य करू नका, आधी आयडीव्ही बघा. आणि दावा घेतला की नो क्लेम बोनस (दावा न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पुढच्या वर्षी शून्यावर येतो, प्रोटेक्शन घेतलं नसेल तर.
पुरावा आजच गोळा करा. दारावरच्या गाळाच्या रेघेला टेप लावून फोटो, नंबर प्लेट आणि रेघ एकाच फोटोत, चासी नंबर. किलोमीटरच्या आकड्यासाठी इग्निशन ऑन करू नका, सर्व्हिसच्या शेवटच्या बिलावरचा आकडा पुरतो. सेक्रेटरींना सांगून सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लगेच कॉपी करून घ्या, काही दिवसांत त्यावर नवं चढतं. सर्व्हे होईपर्यंत गॅरेजला काही खोलू देऊ नका.

पर्जन्यमापक:
तारखेचा एक घोळ टाळा. हवामान खात्याचा २४ तासांचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा मोजतात. रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या नोंदीत दिसतो, म्हणून दाव्यात ‘अमुक रात्र ते अमुक पहाट’ असं लिहा. २०४.४ मिमीच्या वर गेला तरच अतिवृष्टीतली सगळ्यात वरची पायरी, पण तुमच्याकडे पाऊस कमी आणि पाणी जास्त असंही होऊ शकतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घुसलं तेव्हा खडकवासला धरणातून विसर्ग सुरू होता. अशा वेळी पाटबंधारे खात्याची विसर्गाची सूचना जोडा, पावसाच्या आकड्यावर अडून राहू नका.

शब्दयंत्र:
सहायकाबद्दल. त्याला वाईट वाटलेलं नाही. ‘खूप वाईट वाटलं’ हे वाक्य एक तर आधीच लिहून ठेवलेलं असतं, नाहीतर भाषेच्या मॉडेलने असा मजकूर आला की पुढे काय शोभेल याचा अंदाज बांधून जुळवलेलं असतं. आपल्याला ते खरं वाटतं यात कमीपणा काही नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी एलिझा हा साधा प्रोग्रॅम जाहीर केला. तो समोरच्याचीच वाक्यं उलटवून प्रश्न विचारायचा, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करायला लागले.
धोका पुढच्या प्रश्नात आहे. ‘सुरू होते का?’ ही फॉर्ममधली एक रकाना भरायची ओळ आहे, पण आपुलकीच्या वाक्यानंतर आली की ‘सुरू करून बघा’ अशी सूचना वाटते. तशी सूचना कुणीही दिलेली नाही.
तुम्ही लिहाल ते नोंदीत राहतं. जे पाहिलं ते लिहा, जे वाटतं ते नको. ‘इंजिन गेलं असावं’ असं लिहू नका. हे लिहा: ‘गाडी पार्किंगमध्ये बंद अवस्थेत उभी होती. पाणी सीटच्या वरपर्यंत आलं. पाणी आल्यापासून इंजिन किंवा इग्निशन सुरू केलेलं नाही. बॅटरी सोडवली आहे. फ्लॅटबेड आणि सर्व्हेअर पाठवावा.’ हो/नाही शिवाय पुढे जाऊ देत नसेल तर ‘प्रतिनिधीशी बोलायचं आहे’ टाका, आणि हाच मजकूर कंपनीच्या ईमेलवर पाठवा. दावा क्रमांक आणि वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा.

मुठाकाठ:
बॅटरी सोडवली. एअर फिल्टर ओला आहे, डब्यात गाळ. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. मजकूर पाठवला, दावा क्रमांक आला. शेजारच्यांची इलेक्ट्रिक गाडीही पाण्यात होती, त्यांनी काय करावं?

नटबोल्ट:
ऑइल स्वच्छ ही चांगली खूण, पण फिल्टर ओला म्हणजे प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाहीच. गॅरेजच्या जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) हे वाक्य लिहून घ्या, तोंडी नको.
शेजाऱ्यांनी चार्जर लावू नये, नारिंगी (जास्त व्होल्टेजच्या) केबलींना हात लावू नये, गाडी इतर गाड्यांपासून लांब उघड्यावर उभी करून घ्यावी. बॅटरीवर पाण्यापासून संरक्षणाची आयपी ६७ अशी खूण असली तरी तिचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही चाचणीच्या स्वच्छ पाण्यात. रात्रभर गाळात उभी राहिलेली बॅटरी सर्व्हिस सेंटरनेच तपासायची.

दावादप्तर:
मुदती लिहून ठेवा: दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल, त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. उशीर झाला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रारींचं पोर्टल किंवा १५५२५५ हा फोन नंबर. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे, फी लागत नाही. नकार आला तर तो लेखी आणि पॉलिसीच्या कलमासकट मागा.