मदत हवी आहे: महालक्ष्मी रेसकोर्सचा शो पूर्ण पाहून महानगरी एक्स्प्रेस गाठता येईल का?

मंडळी, जळगावहून आम्ही दोघं आवडत्या प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) बँडसाठी महालक्ष्मी रेसकोर्सला चाललोय. उघड्यावर स्पीकर रात्री दहालाच बंद. पण यांचं वीस मिनिटांचं गाणं नेमकं शेवटी येतं, त्यामुळे आधी उठणार नाही. परतीच्या गाड्यांपैकी विदर्भ एक्स्प्रेस, पंजाब मेल त्याआधीच सुटतात. उरली सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतरची महानगरी. बारानंतर तारीख बदलते, म्हणून तिकीट पुढच्या तारखेचं काढलंय (इथंच बरेच जण फसतात). बॅगा कुलूप लावून सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये. हॉटेल नको, सकाळी ड्युटी आहे. दादरला लोकल बदलणं उलटं पडतं, ते सीएसएमटीच्या विरुद्ध दिशेला आहे. मग चर्चगेटपर्यंत लोकल आणि पुढे टॅक्सी, की रेसकोर्सच्या गेटवरूनच टॅक्सी मिळते? आणि गर्दीतून बाहेर पडायलाच किती वेळ धरावा?