हुआरेस : आडनाव आणि शहर

मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचे आडनाव मेक्सिकोतल्या ‘सिउदाद हुआरेस’ या शहराच्या नावात आहे, म्हणून त्यांचा जन्म याच शहरातला असावा, हा तर्क बरोबर नाही. झापोतेक या मूलनिवासी समाजातले हुआरेस १८०६ साली दूर दक्षिणेला, वाहाका राज्यातल्या ग्वेलाताओ गावी जन्मले. फ्रेंच फौजांमुळे राजधानी सोडून उत्तरेकडे हटत गेलेल्या या राष्ट्राध्यक्षांनी १८६५-६६च्या सुमारास नदीकाठच्या ‘एल पासो देल नोर्ते’ येथून काही काळ सरकार चालवले, आणि त्याची आठवण म्हणून १८८८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी, गावाचे नाव ‘सिउदाद हुआरेस’ झाले. ‘एल पासो’ हे नाव मात्र पलीकडच्या टेक्सासमधल्या शहराकडे राहिले. आडनावाचा उच्चार ‘जुआरेझ’ नव्हे, ‘हुआरेस’, एवढीही दुरुस्ती करतो. (मुसोलिनीचे ‘बेनितो’ हे नावही हुआरेस यांच्यावरूनच ठेवलेले!)