शिंगं बघून हरणाचं वय कळतं का? मेव्हण्याशी वाजलंय, निकाल द्या

कराडकर:
रविवारी सागरेश्वर अभयारण्यात गेलतो, देवराष्ट्र्याच्या बाजूनं. चितळाचा नर अगदी जवळ उभा, शिंगं अशी की मी म्हटलं हा कळपाचा आजोबा असणार. सोबत टेक्सासवरनं आलेला मेव्हणा, तो तिकडं लायसन काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करतो, तो म्हणतो तीन वर्षांचा असंल फार तर. शिंगं बघूच नका, धड बघा म्हणे. दीड वर्षाचा नर म्हंजे शिंगं लावलेली मादीच, पाय लांब, मान काडीसारखी. साडेतीनला मान भरते पण पोट रेसच्या घोड्यागत आत. पाचच्या पुढं छाती-पोट एका ओळीत, पाठ खचलेली, पाय आखूड दिसतात. मला काय पटत नाही. वय वाढलं की शिंगं वाढणारच की.

जतचा मेंढरंवाला:
दोघंबी चुकीचं. वय दातात असतंय. बाजारात बकऱ्याचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली दाबायचा, आदत (दुधाच्या दातांचं) का दोन दाती का चार दाती लगेच दिसतंय. एकदा न बघता व्यवहार केला तर जुळलेलं, म्हंजे सगळे दात आलेलं वयस्क जनावर गळ्यात पडलं, शिंगं मात्र लई देखणी होती.

कराडकर:
अण्णा, जित्या चितळाचा ओठ दाबायला कोण जाणार 😄

विट्याचा पोरगा:
सांबर, चितळ दोघांची शिंगं दरवेळी गळून नवी येतात आणि भरलेल्या नराला दोन्हीकडं तीन-तीनच टोकं. मग टोकं मोजून पाच वर्षं का आठ, कसं सांगणार? शिंगं खाण्यावर आणि रक्तावर पण असतात. म्हातारपणी तर उतरतात. काळवीटाचं वेगळं, त्याची गळत नाहीत.

वाईकर:
एवढं असंल तर टेक्सासात बऱ्याच काउंटीत नियम शिंगांचाच का? दोन शिंगांमधलं आतलं अंतर १३ इंच, म्हंजे साधारण कान ताठ केल्यावर दोन्ही टोकांमधलं, दोन्ही शिंगांना फाटे असलेला नर तेवढं भरलं तरच मारायचा. सरकार येडं आहे का?

विट्याचा पोरगा:
तो नियम कोवळी पोरं वाचावीत म्हणून, वय सांगायला नाही. लांबनं शिकाऱ्याला दुसरं काय मोजता येणार? त्यात रुंद शिंगांचा तीन वर्षांचा मरतो आणि अरुंद शिंगांचा म्हातारा खुशाल फिरतो.

वाईकर:
आणि मान कधीची बघायची? नोव्हेंबरात माजावर आला की मान फुगते, तोच नर उन्हाळ्यात बघितला तर वर्षभरानं लहान वाटंल. म्हंजे धड पण फसवतंच की. आपल्याकडं तर चितळाचा माज ठराविक एका महिन्यात नसतोय, कळपात कुणाची शिंगं कडक, कुणाची अजून मखमलीत, म्हंजे वाढत्या शिंगावरच्या मऊ कातडीत. तिकडचा हिशोब हितं जसाच्या तसा लावू नका.

पलूसकर:
शिकारीच्या गप्पा कशाला, १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडं बंदी आहे. आमच्या उसात रात्री घुसणारं हरीण वय सांगून येत नाही.

कराडकर:
शिकार नाही हो, नुसतं वय विचारतोय. वाईकरांचा माजाचा मुद्दा मेव्हण्याला सांगितला, तो म्हणतो म्हणूनच मान एकटी नाही, पोट आणि पाठ पण बघायची. आत्ता फोटो मोठा करून बघितला. शेजारी मादी उभी आहे, मान दोघांची सारखीच बारीक. पोट पण आत. हे मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.